चिंधी न बांधलेली फळं

आमच्या घरात मसुरीची डाळ शिजत नाही. का, असं विचारलं तर उत्तर एकच, रंग. तो रंग रक्तामांसाचा दिसतो, आणि माळकऱ्याच्या घरात तसलं काही चुलीवर चढत नाही. डाळीने बिचारीने कुणाचं काय केलं होतं, हे मी लहानपणी विचारलं तेव्हा माझ्या पाठीत धपाटा बसला होता. त्या एका रंगापायी माझ्या आजोबांच्या बहिणीच्या हातून तिचा एकुलता एक जमिनीचा तुकडा गेला, हे मला फार उशिरा कळलं. तिने ते म्हातारपणी माझ्या आईला, जमुनेला, सांगितलं. आईने ते मला सांगितलं, तेही ती म्हातारी गेल्यावर. त्या दोघींनी इतकी वर्षं ते पोटात ठेवलं याचा मला अजून राग येतो.

तिचं नाव मनकर्णा. घरातले सगळे तिला आत्या म्हणत. चौदाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी परत आली. चांदूर बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव. तिच्या आईने मरण्याआधी घरामागच्या परसात, विहिरीला लागून, चार खाटा मावतील एवढी जागा तिला दाखवली आणि म्हणाली, "हे तुयं." कागद नाही, साक्षीदार नाही. सगळ्या घरासमोर म्हटलेलं एवढं एक वाक्य. आत्याच्या अंगावरची लुगडीसुद्धा भावजयीची, कौशल्या वहिनीची, जुनी असत. पण त्या तुकड्यात ती मेथी लावायची, वांगी लावायची, आणि काही न लावता नुसती बसूनही राहायची. तिथे बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नसे, कारण ती काम करते आहे असंच सगळ्यांना वाटे.

मग कापसाची साथ आली. मी साथच म्हणतो. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली, तिकडचा कापूस थांबला आणि आमच्या वऱ्हाडातली माणसं वेडी झाली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, तुरीच्या वावरात पऱ्हाटी, आणि मुंबईकडचे दलाल ओसरीवर पान खात बसलेले. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, हे वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. ती लढाई अशीच चालू राहू दे, म्हणून लोकांनी मारुतीला नारळ फोडले. मरणारे आपल्या ओळखीचे नव्हते ना.

आत्याचा भाऊ भगवंतराव, म्हणजे माझे आजोबा, वाईट माणूस नव्हता. पण डोळ्यांना पांढऱ्याशिवाय दुसरा रंगच दिसेनासा झाला होता. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरी तोडल्या, बैलांच्या वाटेवर सरकी टोचली, आणि एक दिवस तो परसात उभा राहून आत्याच्या तुकड्याकडे बघायला लागला.

"मना, मेथी-वांगी तर आता बाजारात टोपल्यानं भेटते," तो म्हणाला. "त्याच्यासाठी विहिरीजवळची जागा कावून अडवून ठेवाची?"

"आईनं देल्ली होती, दादा."

आईचं नाव निघाल्यावर तो जरा ओशाळला. ओसरीवर माणसं बसलेली होती, त्यांच्यासमोर आईचा शब्द मोडणं त्याला बरं दिसेना. मग त्याने मोठेपणाने तोडगा काढला. "असं कर. बाजारात भेटत नाही असं काई पिकव, अन् घरच्यांनी ते ताटात घेतलं पायजे. मंग तुकडा तुया. एक साल देतो, नाई जमलं तर त्याच्या पुढच्या मृगात पऱ्हाटी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. न्याय झाला म्हणे.

बाजारात मिळत नाही असं काय पिकवायचं, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याचं उत्तर दह्याच्या निमित्ताने घरी आलं. त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या आमराईत कापूस बघायला आलेल्या एका साहेबाचा तंबू होता. त्याचा खानसामा इनायतुल्ला रोज दही न्यायला परसाच्या दारी येई. वयस्कर, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलायला गोड. आत्याने त्याला विचारलं, तुमचा साहेब असं काय खातो जे आम्हाला ठाऊक नाही? दुसऱ्या दिवशी त्याने रुमालातून एक फळ काढून तिच्या हातावर ठेवलं. लाल, तुकतुकीत, जरा मऊ पडलेलं.

"विलायती वांगं म्हणते याले," तो म्हणाला. "अमरावतीच्या बंगल्यात लावलं आहे. साहेब लालच खाते, कच्चंच, मीठ लावून. पण बाई, तुमच्या घरी चालन का हे?"

त्याने बरोबर विचारलं होतं. आज अमरावतीच्या बाजारात कुणी टमाटे म्हणतं, कुणी भेदरं म्हणतं, आणि ढिगाने पडलेली असतात. तेव्हा ते आमच्या गावात कुणी पाहिलंही नव्हतं. आत्याने ते फळ कांदे ठेवायच्या टोपलीत लपवलं. दुपारी एकटी असताना फोडलं, बी राखेत चोळून चिंधीवर वाळत घातलं, आणि हाताला लागलेला गर चाटला. आंबट, गोड, मधेच खारट. विधवेच्या ताटात चव म्हणून काही ठेवायची नाही असा तेव्हाचा रिवाज. आईला सांगताना म्हातारी आत्या म्हणाली होती, "जमुने, मी ते बोट लई वेळ तोंडातच ठेवलं वं."

लाल फळ या घराच्या ताटात जाणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण इनायतुल्लाने बोलता बोलता आणखी एक सांगितलं होतं. लाल होण्याआधी ते हिरवं असतं, अगदी हिरवं, आणि बंगल्यावरचा माळी हिरव्याचीच भाजी करून खातो. आत्याने ठरवून टाकलं. घराला हिरवंच दाखवायचं. ते लाल होतं, हे कुणाला कळूच द्यायचं नाही.

मृग लागला तेव्हा तिने निम्मं बी लावलं. भावाने तेवढी एका सालाची सवड दिली होती. लावलं कसं, तर आमच्याकडे सगळं लावतात तसं, काळ्या मातीत, पावसाच्या भरवशावर. काळी माती पऱ्हाटीची माय असेल, या झाडाची सावत्र निघाली. आषाढात चिखल झाला आणि रोपं बुडखापासून काळी पडून आडवी झाली. तिने ती उपटून भिंतीजवळच्या ढिगावर फेकली. तो ढीग पांढरीचा होता. जुन्या पडक्या घरांची पांढरट, राखाडी माती, खत म्हणून शेतात टाकायला आणून ठेवलेली. पंधरा दिवसांनी बघते तर फेकलेल्यांपैकी एका रोपाने त्या ढिगावर मूळ धरलेलं. पावसाचं पाणी तिथे थांबत नव्हतं. ते रोप पुढे शेळीने खाल्लं, पण आत्याला जे कळायचं ते कळलं होतं.

पाऊस सरल्यावर, अश्विनात, तिने उरलेलं बी काढलं. फुटक्या माठाच्या खापरात रोपं केली. तुकड्यातली काळी माती दोन विती खाली उकरली, पांढरी आणि शेळीच्या लेंड्या मिसळल्या आणि उंच वरंबा केला. रोपं संध्याकाळी लावली, पहिल्या पानापर्यंत खोल, कारण खोडाला मातीत मुळं फुटतात हे तिने ढिगावर पाहिलं होतं. पाणी सकाळी, लोट्याने, बुडाशी. पानावर थेंब पडू द्यायची नाही. झाडं लोळायला लागली तेव्हा वाळक्या पऱ्हाट्या रोवून जुन्या लुगड्याच्या दशांनी सैल बांधली. एका झाडाचे बगलेतले फुटवे शेजाऱ्यांच्या कोंबडीने तोडले आणि त्याच झाडाला फळ मोठं धरलं, तेव्हापासून ती सगळ्या झाडांचे फुटवे नखाने खुडायला लागली. चारी बाजूंनी कापूस, त्यातली अळी रोज रात्री हिच्या झाडांवर यायची. रोज पहाटे एकेक पान उलटून ती अळ्या वेचायची आणि राखेच्या पाण्यात टाकायची. हे तिला कुणी शिकवलं नाही. आज शेतकीचे पदवीधर येऊन मला टमाट्याबद्दल ज्ञान देतात तेव्हा मी ऐकून घेतो आणि मनात आत्याला नमस्कार करतो.

पौषात झाडं हिरव्या फळांनी वाकली. पहिली भाजी तिने तिळाचं कूट घालून केली. भगवंतरावाने घास घेतला, थांबला, दुसरा घेतला.

"काय आहे हे?"

"विलायती वांगं."

"आंबट आहे. चांगलं आहे." आणि ताट पुढे केलं.

कौशल्या वहिनी नाक मुरडून बसली होती. तिखट जिभेची, पण मनाने मऊ. चार दिवसांत तीच दगडी खलात हिरव्या फळांचा ठेचा करायला लागली. गावातल्या बाया बघायला आल्या तेव्हा तीच परसाच्या दारात उभी राहून सांगायची, "आमच्या बाईच्या हातचं आहे, बाजारात नाई भेटत." आत्याला तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी मिरवलं. ती इतकी सुखावली की तिला रात्री झोप लागेना, असं तिने आईला सांगितलं होतं.

आता राहिलं बी. हिरव्या फळातलं बी कच्चं. झाडावर फळ लाल झालं तरच पुढच्या सालचं बी मिळणार, आणि बी असेल तरच पुढच्या सालचा तुकडा. आमच्याकडे बियाण्याला शेवटच्या बहरातलं फळ ठेवतात आणि त्याच्या देठाला चिंधी बांधतात. दोडका असो, वांगं असो, चिंधी दिसली की घरातलं शेंबडं पोरसुद्धा हात लावत नाही. उपाशी माणूसही लावत नाही. आत्याला हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पण चिंधी बांधली की सगळे विचारणार, कसं पिकतं हे, बघू दे. येता-जाता डोकावणार. आणि एक दिवस बघणार की ते लाल झालं आहे. मग ठेचा खाल्लेल्या सगळ्या तोंडांना ओकाऱ्या येणार, आणि तुकडा त्याच दिवशी जाणार.

तिने चिंधी बांधली नाही. कोपऱ्यातल्या झाडाची बुडाची तीन फळं तिने निवडली, सगळ्यांत मोठी. त्यांच्यावर एरंडाची पानं टाकली, वर वाळका पाला टाकला. फाल्गुन लागला होता, ऊन वाढलं होतं, बाकीची झाडं थकली होती. नवीन फूल धरत नव्हतं, धरलं तर गळत होतं. त्या तिघांचा रंग जरा पांढुरका पडायला लागला होता. आणखी पाच-सहा दिवस लागणार होते.

त्याच आठवड्यात भगवंतरावाने मुंबईकडच्या मोठ्या दलालाला जेवायला बोलावलं. आत्याला त्याने पहाटेच खाचरात, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसवून चांदूरच्या बाजाराला पाठवलं. गूळ, विड्याची पानं, सुपारी, आणि पाहुण्यांना बसायला नवी सतरंजी आणायची होती. निघताना तिने पाला उचलून तिघांना बघितलं आणि परत झाकलं.

ती परतली तेव्हा पाहुणे जेवून उठले होते. ओसरीवर पानदान फिरत होतं. भगवंतरावाने तिला दारातूनच हाक मारली. एरवी पाहुण्यांसमोर विधवा बहिणीला कुणी हाक मारत नाही. त्या दिवशी त्याने मारली.

"मना, तुया भाजीनं आज लाज राखली. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली. मुंबईत असं खाल्लं नाही म्हणते." मग तो सगळ्यांकडे वळला. "आईनं देल्लेला तुकडा आहे तो. हे भाजी दरसाल पिकन तवर त्याले कोणी हात लावाचा नाही. मीबी नाही."

आत्या पदर धरून उभी राहिली. जे मागायचं धाडस तिला कधी झालं नसतं, ते भावाने चार माणसांत दिलं होतं. पण भाजी कशाची केली, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात होता. झाडांवर तर खाण्याजोगं काही उरलं नव्हतं.

ती आत गेली. कौशल्या वहिनी घामाने भिजलेली, चुलीपुढे पाय पसरून बसली होती. तिला बघून हसली.

"बाई, आज तर मायी परीक्षाच होती. सकाळी पायते तं झाडाले फळ नाई. पाहुण्याईले सांगून बसले होते तुमचे दादा. मंग मी पालाच उलथला. बुडाशी तीन सापडले, हे एवढाले. तुमाले दिसलेच नसतीन. थोडे पांढरे पडले होते, पण कूट जास्त घालून पुरवले अन् शिजले चांगले." तिने झाकलेली वाटी पुढे सरकवली. "तुमच्यासाठी काढून ठेवली. तुमी सोता कधी पोटभर खात नाई."

वाटीत भाजी होती. तिळाचं कूट घातलेली, तेल सुटलेली. आत्या ती वाटी घेऊन बसली आणि वहिनी बघत होती म्हणून तिने ती खाल्ली, सगळी.

रागवायचं तरी कुणावर? कौशल्याने चोरी केली नव्हती. चिंधी असती तर तिने जीव गेला तरी फळ तोडलं नसतं. आईला हे सांगताना आत्या म्हणाली होती की त्या घासागणिक तिला ओरडावंसं वाटत होतं आणि काय म्हणून ओरडायचं ते सुचत नव्हतं.

संध्याकाळी ती उकिरड्यावर गेली. चिरताना टाकलेले देठ, त्यांना चिकटलेला गर, त्यात मिळून सोळा-सतरा बिया. पांढऱ्या, मऊ, नखाने दबतील अशा. तिने त्या राखेत घोळून वाळवल्या. आमराईत जाऊन आली, तिथे तंबूच्या खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. साहेब याही हिवाळ्यात येऊन गेला होता, पण मुक्काम हलून महिना झाला होता, आणि इनायतुल्ला कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. झाडांना तिने वैशाखापर्यंत पाणी घातलं, एक तरी फूल टिकेल म्हणून. उन्हाने ती करपली.

त्याच उन्हाळ्यात लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. दलाल दिसेनासे झाले. भगवंतरावाला मात्र वाटत होतं की हे चार दिवसांचं आहे, एखाद्या सालात परत चढेल. तसं गावातल्या सगळ्यांनाच वाटत होतं.

अश्विनात आत्याने वरंबा केला. तीच पांढरी, त्याच लेंड्या, तेच खापर. सोळा-सतरा बिया पेरल्या आणि रोज सकाळी लोट्याने पाणी दिलं. आठ दिवसांनी यायला हवं होतं. दहा दिवस झाले, पंधरा झाले. घरातले येता-जाता विचारत, आलं का? ती म्हणे, थंडी कमी आहे औंदा, येईल. आपण काय पेरलं आहे ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तिने वीस दिवस त्या रिकाम्या मातीला पाणी घातलं. दुसरं काय करता येईल ते तिला समजत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी भगवंतराव परसात आला. रागावला नव्हता. त्यालाही वाईटच वाटत होतं.

"कावून नाई उगवलं, मना?"

त्या घटकेला तिला सगळं सांगता आलं असतं. दादा, ते पिकलं की लाल होतं. हिवाळाभर तुम्ही जे ताटात घेतलं ते लाल होण्याआधीचं होतं. पण मग आईच्या तुकड्याबरोबर या घरातली तिची जागाही गेली असती. गळ्यात माळ असलेल्यांना तिने फसवलं, असंच सगळे म्हणाले असते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

"बी खराब निघालं," ती म्हणाली.

कौशल्या वहिनी विहिरीवर पाणी शेंदत होती. तिने घागर काठावर ठेवली आणि कंबरेवर हात देऊन उभी राहिली. तिला खरंच हळहळ वाटत होती, आणि हळहळ वाटली की तिची जीभ आणखी तिखट व्हायची.

"एवढी भाजी लागली होती, बाई," ती म्हणाली. "सारं गाव खाऊन गेलं. एक फळ चिंधी बांधून बियाण्याले ठेवा लागते, हे लेकराले कळते. तुमाले कळू नाई?"

"चुकलं मायं, वहिनी," आत्या म्हणाली.

पुढच्या मृगात त्या तुकड्यात पऱ्हाटी लागली. खालची माती चांगली झालेली होती, त्यामुळे ती कमरेच्या वर गेली. वेचायला आत्याच होती.